रंग की नेम? ॲडमिरल पर्सी स्कॉट आणि हलत्या जहाजावरची तोफ

१४ एप्रिल २०२२ रोजी रशियाच्या काळ्या समुद्रातल्या ताफ्याची ध्वजनौका 'मॉस्क्वा' बुडाली. युक्रेनच्या म्हणण्याप्रमाणे किनाऱ्यावरून सोडलेली दोन 'नेपच्यून' क्षेपणास्त्रं त्यासाठी पुरली. पुढे तांबड्या समुद्रात येमेनमधल्या हूथी बंडखोरांची ड्रोन्स पाडायला अमेरिकी युद्धनौकांना त्या ड्रोन्सपेक्षा कितीतरी महाग क्षेपणास्त्रं उडवावी लागली. तेव्हापासून टीव्हीवरच्या चर्चांत आणि व्हॉट्सॲपवर एक प्रश्न फिरतोय. स्वस्तातली वस्तू बुडवू शकत असेल, तर हजारो कोटींची अवजड जहाजं बांधायची तरी कशाला?

हा प्रश्न जुना आहे. ५ जून १९१४ रोजी लंडनच्या 'टाइम्स'मध्ये एक पत्र छापून आलं. पाणबुडीमुळे मोठ्या युद्धनौका निरुपयोगी झाल्यात, आता नव्या बांधू नका, असं त्यात म्हटलं होतं. पत्र लिहिणारा शांततावादी नव्हता, पत्रकारही नव्हता. ब्रिटिश आरमाराच्या मोठ्या तोफांना नेम धरायला ज्याने शिकवलं, तोच हा माणूस: ॲडमिरल सर पर्सी स्कॉट. एखाद्या नावाजलेल्या हलवायाने साखर बंद करा म्हणावं, तसं ते वाटलं असणार.

स्कॉटची कारकीर्द समजायची तर दोन गोष्टी आधी कळायला हव्यात. एक, जहाजावरून तोफ मारणं इतकं अवघड का असतं. आणि दुसरी, ही जरा टोचणारी आहे: जगातल्या सगळ्यात मोठ्या आरमाराचे शंभरातले सत्तर गोळे पाण्यात पडत होते, तरी तिथे कुणाची झोप का उडत नव्हती.

पायाखालची जमीनच हलते तेव्हा

भाऊच्या धक्क्यावरून लाँचने रेवसला जाताना कधी मोबाइलवर झूम करून दूरच्या दीपगृहाचा फोटो काढून बघा. दीपगृह चौकटीत येतं, वर जातं, पुन्हा खाली येतं. बरोबर मध्ये आलं की तुम्ही बटण दाबता आणि फोटोत नुसतं आकाश. डोळ्याने पाहिलं आणि बोटाने दाबलं, यांत सेकंदाचा पाचवा हिस्सा गेला. तेवढ्यात लाँच झुकली.

तोफेचं तेच, फक्त चुकीची किंमत मोठी. एक हिशेब करू. जहाज हेलकावा घेताना सेकंदाला तीन अंश झुकतंय असं धरा. पाचवा हिस्सा सेकंद उशीर झाला म्हणजे नळी ०.६ अंश सरकली. ऐकायला काहीच नाही. पण लक्ष्य १,४०० मीटरवर असेल तर तिथे गोळा सुमारे १५ मीटर वर किंवा खाली जातो. जहाजाच्या धडाचा पाण्यावरचा भाग त्याहून बराच कमी उंच असायचा. वरून दारू पेटायला आणि गोळा नळीबाहेर पडायला लागणारा वेळ वेगळाच.

जुन्या काळी याची फिकीर नव्हती. नेल्सनच्या वेळी, म्हणजे १८०५ च्या आसपास, जहाजं एकमेकांना जवळजवळ खेटून लढायची. भिंतीला नाक लावून दगड मारला तर तो भिंतीलाच लागणार. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तोफा कित्येक किलोमीटर मारा करू लागल्या, पण मारायची पद्धत तीच उरली: नळी एका कोनात पक्की करायची, जहाज झुकत झुकत लक्ष्य नेमात येईपर्यंत थांबायचं, आणि आलं की दोरी ओढायची. थोडक्यात, लाँचवरचा आपला फोटो.

१८८२ मध्ये ब्रिटिश ताफ्याने इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाच्या किल्ल्यांवर दिवसभरात तीन हजारांच्या घरात गोळे टाकले. किल्ले जागचे हलत नव्हते. तरी निकामी झालेल्या तोफा फार थोड्या भरल्या. स्कॉट तेव्हा तिशीच्या आतला लेफ्टनंट होता, आणि त्या मोहिमेत होता. ब्रिटनमध्ये मात्र विजयाचे सोहळे झाले. जिंकल्यावर नेम कोण मोजतो?

तेराव्या वर्षी नोकरी, पुढे सगळं साहेबाच्या नजरेवर

स्कॉटचा जन्म १८५३ चा, वडील वकील. १८६६ मध्ये, तेराव्या वर्षी, तो आरमारात दाखल झाला. तेव्हाची पद्धतच ती होती. आपल्याकडे ज्या वयात मुलगा सातवी-आठवीत असतो, त्या वयात हे अधिकारी व्हायला घराबाहेर पडत.

चढण अशी असे: मिडशिपमन, म्हणजे जहाजावरचा शिकाऊ अधिकारी, मग सब-लेफ्टनंट, लेफ्टनंट, कमांडर, कॅप्टन. त्यापुढे ॲडमिरलपदं. यातली खरी गोम कमांडर ते कॅप्टन या पायरीवर आहे. कॅप्टन झालात की पुढची बढती बहुतांशी ज्येष्ठतेने, वरची माणसं निवृत्त होतील तशी. सरकारी कचेरीतल्या ज्येष्ठता यादीसारखंच. पण कॅप्टन होण्यासाठी वरच्यांनी निवड करावी लागे. निवड झाली नाही तर माणूस कमांडर म्हणूनच म्हातारा व्हायचा, आणि जहाज नसेल त्या काळात अर्ध्या पगारावर घरी बसायचा.

मग वरच्यांनी निवड कशावरून करायची? ॲडमिरल तपासणीला जहाजावर येणार तास-दोन तास. तेवढ्यात त्याला काय दिसतं? पितळ चकाकतंय का, डेक शुभ्र आहे का, रंग ताजा आहे का. नेम दिसत नाही. तोफ मारली तर धूर होतो, काजळी बसते, रंगाचे पोपडे निघतात. म्हणजे सराव केला की जहाज घाण दिसणार, आणि घाण दिसलं की बढती हुकणार. पूर्वी गावच्या शाळेत दिपोटी, म्हणजे शाळा तपासणारे साहेब, यायचे म्हटलं की भिंतींना चुना लागायचा आणि पोरांना धुतलेल्या टोप्या घालून बसवायचे. पाढे येतात का हा प्रश्न नंतरचा. इथे तेच, फक्त साम्राज्याच्या मापाचं.

सरावासाठी दर तिमाहीला ठरावीक दारूगोळा संपवावा लागे. तो काही अधिकारी गुपचूप समुद्रात लोटून देत, असं त्या काळच्या नौदल अधिकाऱ्यांच्या आठवणींत येतं. रंगासाठी सरकारी पैसा पुरत नसे, म्हणून कमांडर स्वतःच्या खिशातून रंग आणि इनॅमल आणत.

स्कॉट यातून सुटला होता असं समजू नका. १८८६ मध्ये कमांडर होऊन तो 'एडिंबरा' या युद्धनौकेवर गेला. सुरुवातीला त्याने तोफांचा सराव वाढवून पाहिला, पण त्याचं कौतुक कुणाला नव्हतं. मग त्यानेही रंगाचे डबे आणले आणि जहाज असं चकाचक केलं की नाव झालं. १८९३ मध्ये तो कॅप्टन झाला. हे त्याने पुढे स्वतःच लिहून ठेवलं. मला हा माणूस आवडतो तो इथे. बंडखोर होता खरा, पण बंडाची वेळ त्याने पगारपत्रक बघून निवडली. कॅप्टन झाल्यावर बढती ज्येष्ठतेने येणार होती. आता त्याला नेमाकडे लक्ष देणं परवडत होतं.

'सिल्ला'वरचा एक गोलंदाज

गोलंदाज म्हटलं की आता आपल्याला बॉल टाकणारा आठवतो. पण शब्द मुळात तोफेचा. तोफेतून गोळा डागणारा तो गोलंदाज. पेशव्यांच्या तोफखान्यात गोलंदाज असत. या लेखात तो मूळ अर्थानेच वापरतो.

१८९६ ते १८९९ या काळात स्कॉट भूमध्य समुद्रात 'सिल्ला' या लहान क्रूझरचा कॅप्टन होता. क्रूझर म्हणजे मोठ्या युद्धनौकेपेक्षा हलकं, वेगवान जहाज. १८९८ मध्ये एकदा समुद्र खवळलेला असताना सराव चालला होता आणि सगळ्यांचे गोळे भलतीकडे जात होते. एकाचे मात्र बऱ्यापैकी लागत होते. स्कॉट त्याच्याजवळ जाऊन उभा राहिला. तो गोलंदाज नळी वर-खाली करण्याचं चाक सतत फिरवत होता. जहाज झुकलं की नळी उलट्या बाजूला. नेम लक्ष्यावरून हलूच द्यायचा नाही, असा त्याचा खटाटोप होता. त्याला हे कुणी शिकवलं नव्हतं, आणि आपण काही वेगळं करतोय याची त्याला फारशी जाणीवही नव्हती.

झालं, सगळी युक्ती एवढीच: लक्ष्य नेमात येण्याची वाट बघायची नाही, नेम लक्ष्यावरच धरून ठेवायचा. याला 'सततचा नेम' म्हणू. आजचा मोबाइल हात थरथरला तरी चित्र स्थिर ठेवतो, तेच काम त्या खलाशाचे दोन हात आणि एक डोळा करत होते.

पण एका माणसाला जमलं म्हणून सगळ्यांना जमत नाही. स्कॉटची कामगिरी तिथून पुढची आहे. चाक जड होतं. त्याने दात बदलून ते असं केलं की थोडं फिरवलं तरी नळी झपकन हलावी. नेमाची जुनी खाच काढून दुर्बीण लावली, आणि तोफ मागे हिसका खाते तेव्हा दुर्बीण गोलंदाजाच्या डोळ्यात घुसू नये अशी तिची बैठक केली. नाहीतर कुठला शहाणा माणूस तिला डोळा लावून बसणार?

मग त्याने 'डॉटर' नावाचं एक खेळण्यासारखं यंत्र बनवलं. तोफेसमोर छोट्या फळीवर कागद, कागदावर जहाजाचं चित्र. फळी यंत्राने वर-खाली होते, जणू आपलं जहाज हेलकावतंय. गोलंदाजाने दुर्बिणीतली आडवी तार चित्रावर धरून ठेवायची आणि घोडा दाबायचा. घोडा दाबला की गोळा सुटत नाही, एक पेन्सिल कागदावर ठिपका उमटवते: तुझा गोळा इथे पडला असता. दारूगोळ्याचा खर्च नाही, रंगाला डाग नाही, आणि दिवसातून शंभरदा सराव. गोळे भरणाऱ्यांसाठीही त्याने खोटी तोफ करून घड्याळ लावून तालीम घेतली.

१८९९ च्या वार्षिक नेमबाजी स्पर्धेत 'सिल्ला'च्या ४.७ इंची तोफांनी ७० गोळे मारले, त्यातले ५६ लागले. ८० टक्के. तेव्हा एकूण आरमाराचं प्रमाण तिसाच्या आसपास होतं.

"असं होऊच शकत नाही"

पहिली प्रतिक्रिया अविश्वासाची होती. पण स्कॉट पुढे 'टेरिबल' या मोठ्या क्रूझरवर गेला, तिथेही त्याने ६ इंची तोफांवर असेच आकडे काढले, तेव्हा योगायोग म्हणायची सोय उरली नाही.

या अविश्वासाचा सगळ्यात मजेदार नमुना अमेरिकेतला आहे. 'टेरिबल' चीनच्या समुद्रात असताना विल्यम सिम्स नावाच्या अमेरिकी लेफ्टनंटची स्कॉटशी गाठ पडली. सिम्सने सगळं शिकून घेतलं आणि वॉशिंग्टनला अहवालांवर अहवाल धाडले. तिथल्या तोफा-विभागाने प्रयोग केला आणि निष्कर्ष काढला: अशक्य. एवढी जड नळी एवढ्या वेगाने वर-खाली करणं माणसाच्या ताकदीबाहेरचं आहे.

प्रयोग मात्र त्यांनी जमिनीवर केला होता! जमिनीवर सगळी नळी आपल्याला उचलावी लागते. जहाजावर नळी समतोल बसवलेली असते आणि तिच्या जडपणामुळे ती जागच्या जागी राहू बघते. खालचं जहाज हलतं. गोलंदाजाला तिला फक्त मदत करायची असते. चालत्या एसटीत उभे असताना हातातला भरलेला पेला आपण सांभाळतो ना, तसं. डेपोत उभ्या असलेल्या गाडीत हात तेवढाच हलवून बघितला तर पाणी सांडणारच. शेवटी सिम्सने थेट राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्टना पत्र लिहिलं. लेफ्टनंटने असं करणं म्हणजे तलाठ्याने मुख्यमंत्र्यांना लिहिण्यासारखं. पण रूझवेल्टनी ऐकलं, आणि १९०२ मध्ये सिम्सकडे अमेरिकी नौदलाच्या नेमबाजीची जबाबदारी आली.

मध्येच जमिनीवर: लेडीस्मिथ

'टेरिबल' चीनला जायला निघाली तेव्हाच, ऑक्टोबर १८९९ मध्ये, दक्षिण आफ्रिकेत बोअर युद्ध पेटलं. बोअरांकडे, म्हणजे तिथल्या डच वंशाच्या वसाहतवाल्यांकडे, लांब पल्ल्याच्या फ्रेंच तोफा होत्या आणि ब्रिटिश लष्कराकडे त्यांना उत्तर नव्हतं. स्कॉटने जहाजावरच्या तोफा काढून त्यांच्यासाठी लाकडाचे गाडे करायला घेतले. दोन-एक दिवसांत काम उरकलं. अशा दोन ४.७ इंची तोफा 'पॉवरफुल' जहाजाने दरबानला नेल्या आणि तिथून रेल्वेने ३० ऑक्टोबरला लेडीस्मिथमध्ये पोचवल्या. दोन-तीन दिवसांत शहराला बोअरांचा वेढा पडला. तो उठला २८ फेब्रुवारी १९०० ला.

वेढा फोडायला निघालेल्या सैन्याबरोबरही स्कॉटच्या गाड्यांवरच्या तोफा होत्या. डिसेंबरात कोलेन्सोला त्या सैन्याने मार खाल्ला. तिथले जखमी वाहून आणणाऱ्या भारतीयांच्या तुकडीचा एक म्होरक्या होता तिशीतला एक बॅरिस्टर, मोहनदास गांधी.

निशाणांच्या एका संदेशाने केलेला घात

परत आल्यावर स्कॉटचे दिवस फिरले. १९०३ मध्ये त्याला पोर्ट्समथच्या 'एक्सलंट' या तोफा-विद्यालयाचा प्रमुख केलं. गोदी खणताना निघालेला चिखल कैद्यांकडून टाकून घेऊन वाढवलेल्या व्हेल आयलंड नावाच्या बेटावर हे विद्यालय होतं, आणि तिथे ते नेण्यातही तरुणपणी स्कॉटचा हात होता. १९०५ मध्ये तो रिअर ॲडमिरल झाला आणि सगळ्या आरमाराच्या नेमबाजीचा निरीक्षक. आता दिपोटी तोच! तपासायचं मात्र वेगळंच. प्रत्येक जहाजाचे आकडे जाहीर होऊ लागले, वर्तमानपत्रांत येऊ लागले. १९०७ पर्यंत वार्षिक चाचणीतलं प्रमाण ८० टक्क्यांच्या जवळ गेलं. माणसं तीच, तोफाही बऱ्याचशा त्याच. मोजायची गोष्ट बदलली होती.

मग ४ नोव्हेंबर १९०७. स्कॉट तेव्हा 'गुड होप'वरून क्रूझरांच्या एका पथकाचं नेतृत्व करत होता. त्याच्या वर लॉर्ड चार्ल्स बेरेसफर्ड: लोकप्रिय, खासदारकी केलेला, भडक डोक्याचा ॲडमिरल. जर्मन सम्राट विल्हेल्म येणार होता, म्हणून बेरेसफर्डने हुकूम दिला, जहाजं रंगवून तयार ठेवा. स्कॉटच्या पथकातली 'रॉक्सबरा' बाहेर तोफांचा सराव करत होती. तिच्या कॅप्टनने विचारलं, सराव पुरा करू का? स्कॉटने निशाणांनी उत्तर दिलं. त्याचा आशय असा: सध्या तोफांपेक्षा रंगाला मागणी दिसते, तेव्हा वेळेत या आणि ८ तारखेपर्यंत नटूनथटून घ्या.

निशाणांचा संदेश म्हणजे सगळ्या ग्रुपवर टाकलेला मेसेज. बंदरातल्या प्रत्येकाला तो वाचता येतो. बेरेसफर्डला बातमी लागली तसा तो संतापला. स्कॉटला बोलावून इतर अधिकाऱ्यांसमोर झापलं, ताफ्याला जाहीर संदेश पाठवून त्याचा निषेध केला आणि त्याला पदावरून काढा अशी वर मागणी केली. वर, आरमाराच्या प्रमुखपदी, होता बेरेसफर्डचा हाडवैरी, ॲडमिरल जॅकी फिशर, आणि स्कॉट फिशरच्या गोटातला मानला जाई. म्हणून नोकरी वाचली. १९०८ मध्ये मात्र स्कॉटला त्याच्या पथकासह दक्षिण आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेच्या लांबच्या फेरीवर धाडलं गेलं. १९०९ च्या सुरुवातीला त्याचं निशाण उतरलं, म्हणजे पथकाचं नेतृत्व संपलं, आणि पुन्हा समुद्रावरची नेमणूक त्याला मिळाली नाही.

बेरेसफर्ड चूक होता का? रंगाच्या हुकमात तसं वावगं काही नव्हतं. परदेशी राजा येणार तर जहाज नीटनेटकं हवं. स्कॉटची जीभ तिखट होती आणि वरिष्ठाची टिंगल त्याने चव्हाट्यावर केली. कोणत्याही सैन्यात हे चालत नाही. पण वीस वर्षांपूर्वी बढतीसाठी स्वतः रंगाचे डबे वाहिलेल्या माणसाच्या तोंडून ते वाक्य निसटलं, हे लक्षात घेतलं की त्याचा राग कळतो.

ढोल-ताशा पथक आणि एकच घोडा

'सततचा नेम' एका तोफेचा प्रश्न सोडवत होता. पण १९०६ नंतरच्या 'ड्रेडनॉट' जातीच्या जहाजांवर आठ-दहा अजस्र तोफा होत्या आणि अंतरं आठ-दहा किलोमीटरची झाली. धूर, पाण्याचे फवारे, यांत खालच्या गोलंदाजाला लक्ष्यच दिसेना. दहा तोफा दहा जणांनी वेगवेगळ्या क्षणी मारल्या, तर समोर उडालेला कुठला फवारा कुणाच्या गोळ्याचा हे कळणार कसं? आणि ते कळलं नाही तर पुढचा गोळा जवळ टाकायचा की लांब?

गणपतीतलं ढोल-ताशा पथक डोळ्यांसमोर आणा. पन्नास ढोल आपापल्या मनाने वाजले तर नुसता गोंगाट. समोर एक जण उभा असतो, त्याच्या हाताकडे बघून सगळ्या टिपऱ्या एकदम पडतात. स्कॉटने जहाजावर तेच केलं. उंच डोलकाठीवर, धुराच्या वर, एकच मुख्य दुर्बीण. तिचा कोन विजेच्या तारांनी प्रत्येक तोफेपाशी काट्याच्या रूपात दिसतो. खालच्या माणसाने बाहेर बघायचंच नाही; घड्याळाच्या काट्यावर काटा ठेवावा तसा आपला काटा जुळवायचा. वरचा एक जण घोडा दाबतो आणि सगळ्या तोफा एकदम सुटतात. याला 'डायरेक्टर' पद्धत म्हणत.

१३ नोव्हेंबर १९१२ रोजी आयर्लंडजवळ दोन सख्ख्या बहिणी जहाजांची गाठ घातली: 'थंडरर'वर डायरेक्टर, 'ओरायन'वर जुनी पद्धत. अंतर सुमारे ८ किलोमीटर, वेळ तीन मिनिटं. 'थंडरर'चे गोळे सहापट लागले. तरी ऑगस्ट १९१४ मध्ये पहिलं महायुद्ध सुरू झालं तेव्हा जेमतेम आठ युद्धनौकांवर हे यंत्र होतं. ब्रिटिश आणि जर्मन ताफ्यांत मे १९१६ मध्ये झालेल्या जटलंडच्या लढाईपर्यंत दोन सोडून सगळ्यांवर आलं.

यात स्कॉटचा स्वार्थ नव्हता का? होता. यंत्र बनवणाऱ्या विकर्स कंपनीशी त्याचा पैशांचा करार होता, आणि त्याचे विरोधक ते बोलून दाखवत. आज अशा अधिकाऱ्याची चौकशी लागली असती. पण 'थंडरर'च्या फवाऱ्यांना करार माहीत नव्हता.

८० टक्के कुठे, ३ टक्के कुठे?

आता खरा आक्षेप. जटलंडला दोन्ही बाजूंच्या मोठ्या तोफांचे शंभरातले साधारण तीनच गोळे लागले. मग त्या ८० टक्क्यांचं काय झालं?

सरावात लक्ष्य दीड किलोमीटरच्या आत, अंतर माहीत, आणि उलट कुणी मारत नाही. जटलंडला अंतर दहा-पंधरा किलोमीटर, धुकं, धूर, आणि दोन्ही जहाजं पूर्ण वेगात वळणं घेत होती. मोठा गोळा तेवढं अंतर जायला वीस-तीस सेकंद घेतो. तोवर समोरचं जहाज तीनशे-चारशे मीटर पुढे गेलेलं असतं. सीमारेषेवरून फेकणारा खेळाडू चेंडू फलंदाजाच्या दिशेने फेकत नाही, तो पोचेल तिथल्या स्टंपकडे फेकतो. इथे स्टंपही पळतायत. शत्रू कुठे असेल हे आधी काढायचं गणित, त्यासाठीची यंत्रं, हा वेगळा प्रश्न होता, आणि त्यावर दुसरी माणसं एकमेकांशी भांडत होती. स्कॉटने नळी स्थिर केली आणि सगळ्या तोफा एका हाती आणल्या. त्याशिवाय पुढचं गणित वायाच गेलं असतं.

त्या पत्राचं काय झालं?

१९१३ मध्ये स्कॉट ॲडमिरल होऊन, 'बॅरोनेट' हा किताब घेऊन निवृत्त झाला. पुढच्या जूनमध्ये ते पत्र. ॲडमिरलांनी त्याला वेड्यात काढलं. तीनच महिन्यांनी, २२ सप्टेंबर १९१४ रोजी, 'यू-९' या एकट्या जर्मन पाणबुडीने दीड तासाच्या आत तीन ब्रिटिश क्रूझर बुडवल्या. चौदाशेहून जास्त माणसं गेली.

म्हणजे स्कॉट बरोबर होता? अर्धाच. बुडाली ती जुनी, सावकाश चाललेली जहाजं. संपूर्ण महायुद्धात ब्रिटनची एकही ड्रेडनॉट पाणबुडीच्या टॉर्पेडोने बुडाली नाही. कारण ती भीतीने वागली: आजूबाजूला विनाशिकांचं कडं, सतत वळणं, धोक्याच्या पाण्यात जायचंच नाही. आणि दूर उत्तरेला नुसतं बसून त्या ताफ्याने जर्मनीचा व्यापार बंद पाडला. पाणबुडीने ब्रिटनचा गळा धरला तो युद्धनौका बुडवून नव्हे, तर व्यापारी जहाजं बुडवून. आजच्या ड्रोनच्या वादातही हाच भेद करायला हवा: मोठं जहाज बुडू शकतं हा एक मुद्दा, आणि त्याला किती सांभाळून, किती लांबून वागावं लागतं हा दुसरा. तांबड्या समुद्रात जगाच्या व्यापाराला आफ्रिकेचा वळसा पडला, तो मालवाहू जहाजांवरच्या हल्ल्यांमुळे.

युद्धात निवृत्त स्कॉटला पुन्हा बोलावलं. त्याने बेलफास्टला व्यापारी जहाजांवर लाकूड आणि कॅनव्हासच्या तोफा चढवून नकली युद्धनौकांचा ताफा उभा केला. त्यातली एक जर्मन पाणबुडीने खरी समजून बुडवलीही. १९१५ च्या सप्टेंबरात लंडनवर झेपेलिन नावाच्या जर्मन हवाई जहाजांनी बॉम्ब टाकले, तेव्हा शहराच्या विमानविरोधी तोफा उभारायचं कामही त्याच्याचकडे आलं. म्हणजे नेम आता सरळ आकाशात, आणि लक्ष्य तिन्ही दिशांना हलणारं. १९२४ मध्ये तो वारला.

पण त्याच्या कारकिर्दीतलं सगळ्यात बोचरं पान तो किनाऱ्यावर असताना लिहिलं गेलं. ज्या 'गुड होप'वरून त्याने रंगाचा टोमणा मारला, ती तोवर जुनी होऊन राखीव ताफ्यात गेली होती. ऑगस्ट १९१४ मध्ये तिला घाईने बाहेर काढलं आणि बहुतेक राखीव खलाशी चढवले. त्यांना एकत्र सराव करायला वेळच मिळाला नव्हता. १ नोव्हेंबर १९१४ च्या संध्याकाळी, चिलीच्या किनाऱ्यावर कोरोनेलजवळ, तिच्यासमोर 'शार्नहोर्स्ट' आणि 'ग्नायझेनाउ' आल्या. जर्मन नौदलात नेमबाजीसाठी नावाजलेली ही दोन जहाजं. समुद्र इतका खवळला होता की 'गुड होप'च्या खालच्या मजल्यावरच्या तोफांच्या खिडक्यांतून पाणी आत येत होतं, त्या वापरताच येईनात. सूर्य तिच्या मागे मावळला आणि उजळ आकाशावर ती काळ्या आकृतीसारखी उठून दिसू लागली. तिच्या दोन मोठ्या तोफांपैकी पुढची शार्नहोर्स्टने अगदी सुरुवातीच्याच माऱ्यात उडवली. तासाभरात जहाज फुटलं. वरच्या नऊशेहून जास्त माणसांपैकी एकही वाचला नाही.